आठव्या सेकंदाला उठून गेलेली माणसं

काकांच्या व्हिडिओतून लोक आठव्या सेकंदाला उठून जातात, ही गोष्ट काकांना कळलीच नसती तर पुढचं रामायण घडलं नसतं. अज्ञानात सुख असतं असं म्हणतात, पण हल्ली माणसाला सुखाने अज्ञानातही राहू देत नाहीत. व्हिडिओ टाकला की त्याच्या मागोमाग आकडेवारीचं एक पान उघडतं. किती लोक आले, कुठून आले, किती वेळ थांबले आणि नेमके कुठल्या क्षणी कंटाळले, याचा रेघेने काढलेला आलेख त्यात असतो. काकांच्या आलेखातली रेघ सुरुवातीला ऐटीत वर होती. आठव्या सेकंदाला ती जी कोसळली, ती तळाशी जाऊन लोळू लागली.

काकांनी चष्मा पुसला. आठव्या सेकंदाला आपल्या तोंडून काही वावगं गेलं की काय, हे बघायला व्हिडिओ पुन्हा लावला. आठव्या सेकंदाला ते म्हणत होते, "सर्वप्रथम".

आता यात उठून जाण्यासारखं काय आहे? काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात गेली होती. नळाला पाणी का येत नाही हे विचारायला आलेल्या माणसाला पाणी म्हणजे काय इथपासून समजावून सांगायचं, ही त्यांची पद्धत. जलाशय, पंप, टाकी असं करत ते त्या माणसाच्या गल्लीपर्यंत पोचायच्या आत माणूस "राहू द्या साहेब, येईल तेव्हा येईल" म्हणून निघून जायचा आणि तक्रार निकाली निघाल्याची नोंद व्हायची. खात्यात त्यांना पाठीमागे 'प्रस्तावना' म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि त्यांना तो सन्मान वाटायचा.

चॅनेल काढून दिलं ते लेकीने. ती परगावी नोकरीला. रविवारी तिने गळक्या नळाबद्दल फोनवर एक साधा प्रश्न विचारला आणि तिचा रविवार संपला. पुढच्या खेपेला ती घरी आली, तेव्हा तिने काकांचा फोन डब्यांच्या आधाराने ओट्यावर उभा केला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हे सगळं असं रेकॉर्ड करून ठेवत जा ना. म्हणजे मला हवं तेव्हा ऐकता येईल." 'हवं तेव्हा' म्हणजे कधीच नाही, हे काकूंच्या लगेच लक्षात आलं. काकांच्या आलं नाही.

पहिला व्हिडिओ गळक्या नळाचं वायसर बदलण्याचा होता. वायसर म्हणजे नळाच्या आतली ती रबराची चकती, जी झिजली की नळ रात्रंदिवस टपटपतो. व्हिडिओच्या मध्यावर काका अजून जलाशयापाशीच होते. नळाला हात लागला तेव्हा शेवट जवळ आला होता. पण हात लागल्यावर मात्र काम चोख झालं, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. काकांनी व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. मेहुण्यांनी लिहिलं, "संपूर्ण पाहिला. अत्यंत माहितीपूर्ण." काका दोन दिवस हवेत होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आकडेवारीचं पान सापडलं.

बघणारे सगळे घरचेच, हे उघड होतं. जगात दुसऱ्या कुणाला काकांचा पत्ता नव्हता. म्हणजे आठव्या सेकंदाला उठून गेलेली माणसं ही घरचीच. कार्याला यायचं, यजमानाला तोंड दाखवायचं आणि मागच्या दाराने सटकायचं, तशी सगळ्यांनी हजेरी लावली होती. काका चिडले नाहीत. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते चौकशी सुरू करतात, ही त्यांची खात्यातली जुनी खोड.

त्यांनी मेहुण्यांना फोन लावला. "व्हिडिओ पाहिलात म्हणालात ना? मग मला सांगा, पाना मी कुठल्या हाताने धरला होता?"

"उजव्या," मेहुणे म्हणाले.

"पाना मी धरलाच नव्हता. पाना सापडत नव्हता म्हणून मी फडकं वापरलं. शेवटी त्याबद्दल दिलगिरीसुद्धा व्यक्त केली आहे."

अशा तोंडी परीक्षा त्यांनी घराण्यातल्या बऱ्याच लोकांच्या घेतल्या. एकही पास झाला नाही. एका भाचीने तर फोन उचलल्याउचलल्या "मामा, मी गाडी चालवतेय" म्हणून ठेवून दिला, आणि तिला गाडी चालवता येत नाही. शेवटी काकूंनी फोन काढून घेतला. "माझ्या माहेरच्यांच्या परीक्षा घेणं बंद करा. त्यांनी मला विचारलं, हे रिटायर झालेत की पुन्हा कामाला लागलेत. मी काय सांगू?"

"पण पाहिला नाही तर पाहिला म्हणायचं कशाला?"

"तुम्ही माझ्या वहिनीचं गाणं ऐकून 'वा' म्हणता, ते का?"

काका पुन्हा आलेखाकडे वळले. तो बोटांनी ताणून मोठा करत बसले असताना त्यांना एक नवीन गोष्ट दिसली. तळाशी पडलेली रेघ अगदी जमिनीला टेकलेली नव्हती. जमिनीपासून केसभर वर ती सरळ चालत होती, जलाशयावरून, पंपावरून, टाकीवरून, थेट शेवटच्या दिलगिरीपर्यंत. म्हणजे कुणीतरी एक जण थांबला होता.

काका खुर्चीतून उठले. "तू पाहतेस का गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"घरात इतकी वर्षं फुकट ऐकतेय. तिथे जाऊन पुन्हा कशाला ऐकू?"

तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. ते कुठल्याशा कंपनीत मार्केटिंगमध्ये होते आणि बोलताना हवेत बोटाने बाण काढायचे. इमारतीत त्यांना 'मार्केटिंग' असंच म्हणत. काका फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. मार्केटिंगनी आलेख पाहिला आणि सहानुभूतीने मान हलवली. "काका, तुम्ही स्वतःचा व्हिडिओ पाहता?"

"टाकल्यावर एकदा नीट पाहतो. चुका राहायला नकोत."

"शेवटपर्यंत?"

"अर्थात."

"मग तो शेवटपर्यंत थांबणारा माणूस तुम्हीच."

जिन्यावरून खाली येताना काकांना प्रत्येक पायरी उंच वाटत होती. तरीही ते सरकारी माणूस होते, आणि पुराव्याशिवाय फाईल बंद करणं त्यांना मान्य नव्हतं. पुढचा व्हिडिओ, टाकीतला पाण्यावर तरंगणारा बॉल कसा बसवायचा याचा, त्यांनी टाकला आणि स्वतः पाहिला नाही. हात शिवशिवत होते, पण पाहिला नाही. आलेख तयार झाला. रेघ आठव्या सेकंदाला इमानेइतबारे कोसळली, आणि मग केसभर उंचीवरून शेवटपर्यंत चालत गेली. शिवाय आकडेवारीच्या एका कोपऱ्यात बघणारे कशावर बघतात हेही दिलं होतं. बाकी सगळे फोनवर. हा एक जण टीव्हीवर.

काकांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. कुणीतरी त्यांना टीव्हीवर लावून, समोर बसून, शेवटपर्यंत ऐकत होतं! ते कोण असेल याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. खात्यातले जुने सहकारी मनात आणले, लांबचे चुलते आणले, व्याही आणले. एकच माणूस त्यांनी मनात आणला नाही. त्यांचे थोरले बंधू. निवृत्तीच्या समारंभात काका निरोपाचं भाषण करत होते, सगळं खातं समोर बसलेलं, आणि पहिल्या रांगेतून थोरले खणखणीत आवाजात म्हणाले होते, "बाळ, आता मुद्द्यावर ये." सभागृह हसलं. मोठे साहेब तर डोळे पुसेपर्यंत हसले. त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. जावाजावा बोलत, त्यांच्यामार्फत दोन्हीकडची रक्तदाबाची गोळी चालू आहे की बदलली एवढं कळायचं, आणि तेवढं पुरे असं काका म्हणायचे.

तर हा जो कोण अज्ञात श्रोता होता, तो काही बोलत का नाही, हे कोडं उरलं. काकांच्या व्हिडिओखाली एकही प्रतिक्रिया नव्हती. कौतुक नाही, शंका नाही, शिवी नाही. इतरांच्या व्हिडिओखाली लोक एकमेकांच्या झिंज्या उपटत होते आणि इथे स्मशानशांतता. काकांनी व्हिडिओवाल्या कंपनीच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. "उपरोक्त विषयास अनुसरून" अशी सुरुवात केली. विषय मांडून होतोय न होतोय तोच अक्षरमर्यादा संपली. त्यांनी उरलेलं दुसऱ्या पत्रात लिहिलं, त्यातून उरलेलं तिसऱ्यात. प्रत्येक पत्राला पापणी लवायच्या आत एकच उत्तर आलं, "तुमच्या शंकेचं समाधान झालं का?" आयुष्यभर हेच वाक्य काकांनी लोकांना ऐकवलं होतं. समोरून ऐकताना कसं वाटतं ते त्यांना आत्ता कळलं.

पुन्हा मार्केटिंग. त्यांनी फोनमध्ये इकडेतिकडे बोट फिरवलं आणि ओरडलेच, "काका! हे काय करून ठेवलंय? प्रत्येक व्हिडिओला 'मुलांसाठी आहे' अशी खूण केली आहे तुम्ही! मुलांसाठीच्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया बंद असतात."

"खूण मीच केली," काका ताठ बसून म्हणाले. "त्यांनी विचारलं, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का. मी म्हटलं होय. 'मुलांसाठी नाही' असं लिहून दिलं तर लोकांना काय वाटेल? हा माणूस बंद दाराआड नळाचं काय दाखवतोय?"

मार्केटिंगनी त्यांना बराच वेळ समजावलं की तो चारित्र्याचा दाखला नव्हे. काकांना ते पटायला आठवडा गेला. शेवटी त्यांनी खूण काढली, पण त्या दिवसापासून व्हिडिओच्या सुरुवातीला, 'सर्वप्रथम'च्याही आधी, "प्रस्तुत व्हिडिओत आक्षेपार्ह काहीही नाही" असं सांगायला लागले. त्यावर मात्र लोक आठव्या सेकंदापर्यंतही थांबेनात. आधी जे आठ सेकंद बसत होते, ते बहुधा काहीतरी आक्षेपार्ह निघेल या आशेवर बसत असावेत.

"पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा," मार्केटिंग म्हणाले आणि त्यांनी हवेत एक गळ काढला. "थेट घटना दाखवा. काहीतरी फुटू दे, उडू दे. आणि चाळीस सेकंदांत संपवा."

"चाळीस सेकंदांत माझं नाव-गावसुद्धा सांगून होत नाही."

"नाव-गाव सांगूच नका."

काकांनी दोन दिवस जेवणात लक्ष घातलं नाही. मान खाली घालावी लागली तर जगाला काहीतरी शिकवून तरी घालू, असा विचार करून ते तयार झाले. ठरलं असं की न्हाणीघरातला नळ एकदम उघडून काढायचा, पाण्याचा फवारा उडेल, लोक दचकतील, आणि मग काका शांतपणे दाखवतील की असं होऊ नये म्हणून आधी मेन कॉक बंद करावा. मार्केटिंग फोन धरून दारात उभे राहिले. काकांनी नळ पिळला.

पाणी येतं कसं यावर ज्याने उभा जन्म व्याख्यानं दिली, त्याला ते इतक्या जोरात येतं हे माहीत नव्हतं. नळ हातातून उडाला. काका मागे बादलीत बसले. "मेन कॉक! मेन कॉक!" असं ते ओरडत होते, पण मेन कॉक होता गच्चीवर आणि गच्चीची किल्ली अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते काकांच्या बरोबर खाली राहायचे आणि त्या वेळी ते स्वतःच्या न्हाणीघरात साबण लावून उभे होते. त्यांच्या नळाचं पाणी गेलं आणि छतातून यायला लागलं. पंचा गुंडाळून ते वर आले तेव्हा काका अजून बादलीतच होते आणि मार्केटिंग शूटिंग करतच होते.

"किल्ली!" काका म्हणाले.

"किल्लीसाठी अर्ज द्यावा लागतो," अध्यक्ष म्हणाले. कानात साबण असला तरी पद ते पद.

गच्चीवरची टाकी रिकामी झाली तेव्हा पाणी आपोआप थांबलं. संध्याकाळी जिन्यात सूचना लागली की इमारतीत कुठल्याही प्रकारचं चित्रीकरण करायचं झाल्यास समितीची लेखी परवानगी आवश्यक आहे. त्याखाली कुणीतरी पेन्सिलने बादलीचं चित्र काढलं. पाणीपुरवठा खात्याच्या माणसाने सगळ्या इमारतीचं पाणी घालवलं, हे वाक्य काका पुढे कितीतरी दिवस प्रत्येक बंद दारामागून ऐकत होते, ते कुणी बोलत नसलं तरीही.

आणि तो व्हिडिओ चालला. मार्केटिंगनी त्यातला मेन कॉकचा उपदेश कापून टाकला होता. उरला फवारा, बादली आणि पंचातले अध्यक्ष. आलेखातली रेघ पडेचना. काही लोक तर पुन्हा पुन्हा बघत होते, त्यामुळे ती वर चढत होती. हजारो अनोळखी माणसं आली. खाली प्रतिक्रियांचा पाऊस, सगळी दात काढून हसणारी तोंडं. दुकानात एक बाई काकांना म्हणाल्या, "अय्या, तुम्ही ते बादलीतले काका ना?"

मार्केटिंगचा बाण आता फक्त वरच जायचा. दर आठवड्याला एक, असा त्यांनी बेत आखला. समितीने परवानगी दिली, अट एवढीच की अध्यक्षांनाही थोडं दिसू द्यावं. काका भिजत राहिले. गच्चीतला पाइप अंगावर सुटला, टाकीचं झाकण डोक्यावर पडलं, फवाऱ्याने चष्मा वाहून गेला. प्रत्येक वेळी चाळीस सेकंद. काकू रोज टॉवेल वाळत घालून दमल्या. "हे वय आहे का?" त्या म्हणायच्या. काकाही दमले होते. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे शेवटपर्यंत बघत होते, आणि त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकून घेत नव्हते. खोकला झाला, तोही व्हिडिओत घ्या असं मार्केटिंगनी सुचवलं.

काका रोज आकडेवारी उघडायचे, पण हजारांचा आकडा बघायचे नाहीत. खाली सरकवत त्या कोपऱ्यात जायचे. टीव्हीवर बघणारे: शून्य. टीव्हीसमोर बसलेला तो एकटा माणूस उठून गेला होता. तो गेला हे फक्त काकांना माहीत होतं, आणि त्याचं दुःख कुणाला सांगावं तर ते चाळीस सेकंदांत मावणारं नव्हतं. हजार गेले असते तरी चाललं असतं, तो एक जायला नको होता.

संध्याकाळी ताटं वाढून झाली होती. काका खोकत पाटाऐवजी खुर्ची ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'थोरले'. काकूंनी वाचलं आणि वरणाचा डाव तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. काकांनी फोन कानाला लावला, पण बोलले नाहीत. आधी कुणी बोलायचं हा प्रश्न समारंभापासून प्रलंबित होता.

"बाळ," तिकडून आवाज आला. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. का?"

"नाही, हिच्या फोनवर बघितलं, चाळीस सेकंदांत संपवतोस हल्ली. मी हिला म्हटलं, हा आपला बाळ नव्हे. हा आणि चाळीस सेकंद? डॉक्टरला दाखवलंस का? जिभेला वगैरे काही झालं नाही ना?"

काका खोकायचं विसरले. "तू... टीव्हीवर बघायचास?"

"मग? जेवताना लावायचो रोज. तुझा नळ येईपर्यंत माझं जेवण व्हायचं व्यवस्थित."

मागून वहिनींचा आवाज आला, "व्यवस्थित कसलं! भात गार व्हायचा, मला बोलू द्यायचे नाहीत. मध्ये कुणी तोंड उघडलं की म्हणायचे, थांबा, तो मुद्द्यावर येतोय."

थोरले म्हणाले, "मी दोन शब्द लिहायला गेलो होतो खाली. तर तू तिथे कुलूप घातलेलं. म्हटलं, बरोबर आहे. माझ्यावरचा राग अजून गेला नाही. नंतर कुलूप निघालं, तर ती सगळी दात काढलेली तोंडं. त्यांच्यात जाऊन मी काय लिहू? एकदा तुझ्यावर हसलेलं पुरे झालं मला."

"ते कुलूप तुझ्यासाठी नव्हतं रे दादा," काका म्हणाले. "ते मुलांसाठी होतं."

"कुठल्या मुलांसाठी?"

"ते सांगावं लागेल सविस्तर."

"मग सांग की. आणि तो टाकीतला बॉल तू बसवलास, पण पाणी वरून वाहायला लागलं तर काय करायचं ते पुढच्या वेळी सांगतो म्हणालास आणि मग बादल्यांतच बसत सुटलास. माझी टाकी वाहतेय इथे."

काका खुर्चीत टेकून बसले. चष्मा पुसला, घसा साफ केला, फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हे बघ दादा, सर्वप्रथम," ते म्हणाले आणि थांबले. तिकडून कुणी उठल्याचा आवाज आला नाही.

"हं," थोरले म्हणाले. "पुढे?"

काकूंनी डाव भांड्यात ठेवला आणि काकांच्या ताटावर झाकण घातलं.